रापणीचा गेम, २५,००० रुपये आणि प्रसिद्धीचे आठ महिने

वेंगुर्ल्याहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ गेली तीन वर्षे संगणकावर खेळायचा एक गेम तयार करत आहेत. खेळणाऱ्याने त्यात एक रापण संघ, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे मिळून ओढणाऱ्या माणसांचा गट, चालवायचा असतो: होडी समुद्रात केव्हा सोडायची, जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोरांवर किती माणसे उभी करायची, पाणी कसे आहे ते पाहून ओढ केव्हा वाढवायची आणि शेवटी आलेल्या बांगडे-पेडवे अशा मासळीचे वाटे कसे घालायचे. स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात गेमचे पान उघडून सहा आठवडे झाले आहेत, विशलिस्टचा, म्हणजे पुढे घ्यायचा म्हणून गेम नोंदवून ठेवणाऱ्यांचा, आकडा तीनशेच्या आसपास आहे आणि येत्या गणेश चतुर्थीला गेम प्रकाशित करावा असे दोघांच्या मनात आहे. प्रसिद्धीसाठी हातात २५,००० रुपये उरले आहेत. ते जाहिरातीवर घालावेत की एखाद्या यूट्यूबरला द्यावेत, स्वतःविषयी जाहीरपणे बोलण्याचा संकोच कसा घालवावा, आणि परदेशी खेळाडूंसाठी गेममधले मालवणीपण कमी करावे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. मी कुडाळमध्ये राहून बारा वर्षे स्वतंत्रपणे गेम करते आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातले बरेचसे मी आधी चुकीचे करून मग शिकले आहे.

तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आधी द्यावे लागेल, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. चतुर्थीला गेम प्रकाशित करू नका. घरी गणपती असताना गेम जगासमोर यावा ही इच्छा मला पूर्ण समजते, पण तीनशे विशलिस्टवर गेम बाहेर काढणे म्हणजे तीन वर्षांची मेहनत एका आठवड्यात संपवणे आहे. स्टीमवर गेम प्रकाशित होतो त्या वेळी विशलिस्ट केलेल्या प्रत्येकाला त्याची सूचना ईमेलने जाते. त्यांपैकी थोडेच जण पहिल्या काही दिवसांत पैसे देतात, आणि त्या पहिल्या विक्रीवरून हा गेम आणखी अनोळखी लोकांना दाखवावा की नाही हे दुकानाची यंत्रणा ठरवत जाते. सुरुवातीला माणसे नसतील तर यंत्रणेला दिसण्याजोगे काही नसते, आणि प्रकाशनाचा दिवस एकदाच येतो. २०१८ साली मी माझ्या गेमचे पान नियमाप्रमाणे प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी उघडायचे म्हणून बरोबर दोनच आठवडे आधी उघडले होते. नियम पाळला, पण त्या दोन आठवड्यांत गेमविषयी कोणालाच कळले नाही. गेम वाईट नव्हता. आजही जे थोडे लोक तो खेळतात ते मला आपुलकीने लिहितात. त्याच्यासाठी वाट पाहणारी माणसे मी जमवली नव्हती, एवढेच.

म्हणून माझी सूचना अशी की प्रकाशन पुढच्या मार्चपर्यंत लांबवावे आणि त्याआधी फेब्रुवारीतल्या नेक्स्ट फेस्टमध्ये डेमो, म्हणजे खेळून पाहायचा छोटा नमुना, घेऊन उतरावे. हा स्टीमचा आठवडाभराचा उत्सव वर्षातून तीनदा, साधारणपणे फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये होतो आणि त्यात अजून प्रकाशित न झालेल्या गेमचे डेमो लोकांसमोर ठेवले जातात. यात भाग घ्यायला वेगळे पैसे पडत नाहीत, परंतु एका गेमला एकदाच भाग घेता येतो. ऑक्टोबरचा उत्सव तुम्हाला जवळचा वाटेल, पण तीनशे माणसे घेऊन तिथे जाण्यात ती एकमेव संधी वाया जाईल, कारण त्या गर्दीत ज्याच्या मागे आधीच थोडी माणसे उभी असतात त्याचा डेमो अधिक खेळला जातो, हे मी दोन गेमच्या वेळी अनुभवले आहे. नोंदणीची मुदत उत्सवाच्या बरीच आधी संपते, तेव्हा ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा. मार्च सुचवण्याचे कारण इतकेच की उत्सवात जमलेल्या लोकांच्या मनात गेम ताजा असतानाच तो विकत मिळायला हवा. शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरत असतील त्या पाच-सात दिवसांत मात्र तारीख घेऊ नका, कारण प्रकाशनानंतरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघे पूर्ण वेळ संगणकासमोर लागणार आहात आणि शिमग्यात कोकणातल्या घरात तसे बसायला मिळत नाही.

आता डेमोविषयी. कमी पैशांत गेमची ओळख करून देणारे याच्याइतके प्रभावी साधन मला दुसरे माहीत नाही, त्यामुळे या आठ महिन्यांतली तुमची सर्वाधिक मेहनत डेमोवर खर्च व्हावी. डेमो म्हणजे गेमचा पहिला अर्धा तास कापून दिला, असे करू नका. तुमच्या गेमची खरी मजा दोर ओढण्याच्या आणि वाटे घालण्याच्या निर्णयांत आहे. तुम्ही पाठवलेल्या आवृत्तीत तिथपर्यंत पोचायला मला बावीस मिनिटे लागली, कारण आधी घर, मग वाडी, मग होडीची डागडुजी असा प्रवास आहे. डेमोत पहिल्या तीन मिनिटांत जाळे पाण्यात पडले पाहिजे. एक पूर्ण रापण, तिचे वाटे, वाट्यांवरून संघात झालेली कुरबुर आणि दुसऱ्या रापणीची तयारी सुरू होताच डेमो संपावा. तो संपतो त्या पडद्यावर विशलिस्टचे बटण असावे. डेमो नेक्स्ट फेस्टच्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. डिसेंबरमध्येच तो उपलब्ध करा. डेमो आल्याचे विशलिस्ट केलेल्यांना कळवण्याची सोय असते, तिचा उपयोग होतो, आणि उत्सवाच्या आधीच्या दोन महिन्यांत निघालेले दोष उत्सवात लाखो लोकांसमोर निघण्यापासून वाचतात. त्याही आधी, दिवाळीच्या सुमारास, हाच डेमो इच.आयओवर ठेवून पाहा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्या संकेतस्थळावर नवे, अर्धवट, प्रयोगशील गेम मुद्दाम शोधून खेळणारे लोक येतात आणि ते मोकळेपणाने अभिप्राय लिहितात.

पैशांच्या प्रश्नाकडे येते. जाहिरातीवर या रकमेतला एक रुपयाही घालू नका. मी एकदा ३०,००० रुपये एका जाहिरात करून देणाऱ्या संस्थेला दिले होते. महिन्याच्या शेवटी त्यांनी मला हजारो क्लिकचा तक्ता दाखवला आणि त्या महिन्यात माझ्या विशलिस्टमध्ये चाळीसचीही भर पडली नव्हती. क्लिक करणारी माणसे मोबाइलवर फुकट खेळणारी होती आणि माझा गेम संगणकावर विकत घेऊन खेळायचा होता. मोठ्या रकमा असलेले लोक जाहिरातीत चुका करत करत योग्य प्रेक्षक शोधू शकतात. २५,००० रुपयांत तो शोध सुरू व्हायच्या आतच पैसे संपतात.

ते पैसे कॅप्सूलवर घाला. दुकानाच्या यादीत, शोधात, सवलतीच्या पानावर, सगळीकडे गेमचे जे छोटे मुखचित्र दिसते त्याला कॅप्सूल म्हणतात, आणि गेम उघडून पाहायचा की पुढे सरकायचे हा निर्णय लोक त्याच्याकडे क्षणभर पाहून घेतात. तुमचे सध्याचे कॅप्सूल पिंगुळीच्या चित्रकथीच्या शैलीत आहे. ती कला माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात सगळ्यांनाच आपला सन्मान झाल्यासारखे वाटले होते, त्यामुळे तुमची निवड मला मनापासून आवडली. परंतु चित्रकथीतली बारीक रेघ आणि भरगच्च नक्षी हातात धरून जवळून पाहण्यासाठी असते. दुकानाच्या यादीत तेच चित्र अंगठ्याएवढे होते तेव्हा तुमच्या कॅप्सूलवर तपकिरी रंगाचा एक ठिपका उरतो. शैली ठेवा, पण चित्रात एकच गोष्ट असू द्या: ताणलेला दोर आणि त्याला झुकून लटकलेली तीन माणसे, मागे एकाच रंगाचा समुद्र, आणि नाव ठळक अक्षरांत. स्वतःच्या मोबाइलवर चित्र नखाएवढे करून घरातल्या कोणालाही विचारा की यात काय चालले आहे. “ओढताहेत” असे उत्तर आले म्हणजे काम झाले. यासाठी १२,००० ते १५,००० रुपये बाजूला काढून गेमच्या मुखचित्रांचा अनुभव असलेल्या चित्रकाराला द्या, आणि चित्रकथीचा आधार घेणार असाल तर त्या कलाकारांनाही मोबदला आणि श्रेय द्या.

उरलेल्या पैशांतले ४,००० रुपये पानावरचा इंग्रजी मजकूर एखाद्या चांगल्या संपादकाकडून तपासून घेण्यासाठी ठेवा. तुमच्या गेममध्ये शब्द थोडे आहेत, हा मोठा फायदा आहे, त्यामुळे ५,००० रुपयांच्या आसपास गेम आणि पान दोन्ही सरळीकृत चिनी भाषेत होऊ शकेल असे मला वाटते. स्टीमच्या वापरकर्त्यांत इंग्रजी आणि सरळीकृत चिनी या दोनच भाषांचे लोक सर्वाधिक आहेत, आणि व्यवस्थापनाचे, मोजून-मापून खेळायचे गेम चिनी खेळाडू आवडीने घेतात असा माझा अनुभव आहे. गेममध्ये ती भाषा खरोखर असल्याशिवाय मात्र पानावर तिच्यापुढे खूण करू नका. बाकीची रक्कम हातात राहू द्या. शेवटच्या महिन्यात काहीतरी लागतेच. स्टीमचे शंभर डॉलरचे प्रवेशशुल्क तुम्ही आधीच भरले आहे, ते विक्रीचा हिशेब १,००० डॉलरच्या पुढे गेल्यावर परत मिळते.

टॅग, म्हणजे गेम कोणत्या प्रकारचा आहे ते सांगणारे शब्द, फुकट आहेत आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित आहेत. वीसपर्यंत टॅग लावता येतात, आणि तुमचा गेम कोणत्या गेमच्या शेजारी दाखवायचा हे दुकान बऱ्याच अंशी त्यांवरून ठरवते. तुम्ही “इंडी” आणि “कॅज्युअल” वर ठेवले आहेत. या दोन शब्दांनी काहीच कळत नाही. व्यवस्थापन, मासेमारी, संसाधनांचे नियोजन, पाळीपाळीने खेळायचा, हाताने काढलेली चित्रे, असे नेमके टॅग वर आणा.

ट्रेलरविषयी माझे मत थोडे कठोर आहे. तुमच्या दीड मिनिटाच्या ट्रेलरमध्ये पहिली वीस सेकंदे सूर्योदय, समुद्र, बोधचिन्ह आणि “दोन भावंडांनी बनवलेला” ही ओळ आहे. आपल्याकडे दशावतारात आख्यानाच्या आधी आड दशावतार होतो, गणपती येतो, संकासुर येतो, आणि देवळासमोर रात्रभर बसायला आलेला प्रेक्षक तो आनंदाने पाहतो, कारण तो बसायला आलेला असतो. दुकानात आलेला माणूस उभ्या उभ्या पाहत असतो. त्याला थेट आख्यानात घ्यावे लागते. पहिल्या सेकंदाला दोर ताणलेला दिसला पाहिजे, पाचव्या सेकंदाला खेळणाऱ्याने माणसे हलवलेली आणि जाळे वेगाने आत आलेले दिसले पाहिजे, दहाव्या सेकंदाला एक चुकीचा निर्णय आणि फाटलेले जाळे दिसले पाहिजे. अनेक लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून सगळे डोळ्यांना कळले पाहिजे. सूर्योदय शेवटी ठेवा. तो सुंदर आहे.

यूट्यूबरला पैसे द्यावेत का, याचे उत्तर नाही असे आहे, पण यूट्यूबरकडे जावे का, याचे उत्तर ठामपणे हो असे आहे. तुमच्या गेमसारखे चार-पाच गेम निवडा, त्यांची नावे यूट्यूबवर शोधा आणि ते ज्यांनी खेळले आहेत अशा छोट्या-मध्यम चॅनलांची यादी हाताने करा. फक्त मोठ्यांच्या मागे लागू नका. काही हजार प्रेक्षक असलेला, पण मासेमारीचे आणि व्यवस्थापनाचेच गेम खेळणारा माणूस तुमच्यासाठी सर्व प्रकारचे गेम खेळणाऱ्या लाखो प्रेक्षकांच्या चॅनलपेक्षा अधिक मोलाचा आहे. दीडशे नावे निघेपर्यंत यादी करत राहा, रोज पाच पत्रे लिहा, आणि प्रत्येक पत्र वेगळे असू द्या. पत्रात स्वतःच्या तीन वर्षांच्या कष्टांची कहाणी नको. पहिल्या ओळीत त्यांचा कोणता व्हिडिओ पाहिला आणि त्यातल्या कशावरून तुम्हाला आपला गेम त्यांना आवडेल असे वाटले ते लिहा. दुसऱ्या ओळीत गेम काय आहे ते एका वाक्यात सांगा. मग दहा सेकंदांचे हलते चित्र, डेमोचा दुवा, प्रकाशनाची तारीख आणि एक की, म्हणजे पैसे न देता गेम मिळवून देणारा संकेतांक. बस. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा आणि नंतर सोडून द्या.

ते एक वाक्य लिहायला मला प्रत्येक गेमच्या वेळी काही आठवडे लागतात, आणि तुम्हालाही लागले तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या पानावर सध्या “कोकणच्या समृद्ध सागरी परंपरेचा हृदयस्पर्शी प्रवास” असे आहे. त्यातून मी काय करायचे आहे ते कळत नाही. “तीस माणसे, एक जाळे, आणि आलेली मासळी कोणालाही न दुखावता वाटायची” हे वाक्य तुमच्या गेमचे आहे, तुमच्याच पत्रात ते सहज येऊन गेले आहे. तेच पानावर, पत्रात, ट्रेलरच्या शेवटी, सगळीकडे वापरा.

की मागणाऱ्यांपासून सावध राहा. पान उघडल्यापासून तुम्हाला “आमच्या चॅनलसाठी पाच की द्या” अशी पत्रे येऊ लागली असतील. त्यांतली बहुतेक खोटी असतात. मिळालेल्या की बाजारात विकल्या जातात. पत्र ज्या पत्त्यावरून आले तो पत्ता त्या चॅनलच्या माहितीच्या पानावरच्या पत्त्याशी अक्षरशः जुळतो का ते पाहा, शंका असेल तर चॅनलवरच्या पत्त्यावर उलट लिहून विचारा, आणि एका माणसाला एकापेक्षा जास्त की कधीही देऊ नका. स्टीमवर परीक्षणे लिहिणाऱ्या क्युरेटरांना गेम द्यायचा असेल तर त्यासाठी स्टीमचीच वेगळी व्यवस्था आहे, ती वापरली म्हणजे कीच द्यावी लागत नाही.

रोजच्या प्रसिद्धीसाठी आठवड्यातले दोन तास पुरतात, पण ते दर आठवड्याला द्यावे लागतात. भारतात टिकटॉक जून २०२० पासून बंद आहे, त्यामुळे छोट्या व्हिडिओंसाठी यूट्यूब शॉर्ट्स आणि इन्स्टाग्राम रील्स ही दोन ठिकाणे उरतात. रेडिटवर प्रत्येक गटाचे स्वतःचे नियम असतात आणि ते वाचल्याशिवाय काही टाकले तर ते काढले जाते; शिवाय तिथे इतरांच्या कामावर मनापासून बोलणाऱ्यालाच स्वतःच्या कामाविषयी बोलण्याचा मान मिळतो. मासेमारीत रस असलेल्या गटांत, जलचरांच्या गटांत, पारंपरिक होड्यांच्या गटांत जा; स्वतंत्र गेम करणाऱ्यांच्या गटांत कमी जा, कारण तिथे सगळे विकायलाच आलेले असतात. प्रत्येक ठिकाणी दिलेल्या दुव्याला वेगळी यूटीएम खूण (माणूस कोणत्या दुव्यावरून आला ते सांगणारी) लावा. मग कोणत्या ठिकाणाहून किती विशलिस्ट आल्या हे स्टीमच्या अहवालात दिसते, आणि तीन महिन्यांनी तुम्हाला कोणते काम सोडून द्यायचे ते अंदाजाने ठरवावे लागत नाही. माझ्या एका गेमच्या बाबतीत सर्वाधिक माणसे दोरांच्या गाठी जमवणाऱ्या हौशी लोकांच्या गटातून आली होती, आणि मी ते कधीच ओळखले नसते.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ईमेलची स्वतःची यादी. हे तुम्हाला आंब्यावरून लगेच कळेल. देवगड-रत्नागिरीचा बागायतदार वर्षानुवर्षे पेटी वाशीच्या बाजारात पाठवत आला, आणि त्याचा आंबा खाणारा माणूस कोण आहे हे दलालाला कळत होते, त्याला नाही. ज्यांनी पेटीत आपला फोन नंबर घालायला सुरुवात केली, ज्यांनी गिऱ्हाइकांची वही ठेवली, ते पुढच्या हंगामात मोहोर आल्याबरोबर थेट विचारू शकले की या वर्षी किती पेट्या लागतील. विशलिस्ट ही दुकानाची वही आहे. त्यातल्या एकाचेही नाव तुम्हाला कळत नाही. समाजमाध्यमांवरचे अनुयायी हेही तसेच, कारण तुमचे लिखाण त्यांना दाखवायचे की नाही हे दुसरे कोणीतरी ठरवते. डेमोच्या शेवटी आणि तुमच्या संकेतस्थळावर ईमेल देण्याची जागा ठेवा आणि महिन्यातून एकच पत्र पाठवा. त्यात एका गोष्टीविषयी नीट लिहा: वाट्यांचे गणित तुम्ही गेममध्ये कसे बसवले, किंवा जाळे ओढताना लाटेचा जोर कसा मोजता. शंभर माणसांची अशी यादी मला हजारो अनुयायांपेक्षा अधिक उपयोगी पडली आहे, आणि पुढचा गेम करताना ती तुमच्याजवळच राहते.

संकोचाविषयी तुम्ही लिहिले आहे की आजी म्हणते, आपली टिमकी आपण वाजवू नये. ती बरोबर आहे, आणि तिचे ऐकूनही हे काम करता येते. स्वतःची स्तुती करायचीच नाही. आपण काय केले, कसे केले, कुठे अडलो, हे सांगायचे. तुमच्या भावाने दोराच्या हालचालीसाठी अकरा वेळा नव्याने प्रोग्रॅम लिहिला आणि शेवटी किनाऱ्यावर जाऊन मोबाइलवर खरी रापण चित्रित करून ती एक एक चौकट करत पाहिली, हे तुम्ही मला सांगितले तेव्हा त्यात बढाई कुठेही नव्हती, आणि मी ते वाचून लगेच गेम उघडला. जुनी हालचाल आणि नवी हालचाल शेजारी शेजारी दाखवणारा वीस सेकंदांचा व्हिडिओ करा. एरिक बरोन यांनी स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने बनवला आणि त्या काळात कामाची प्रगती ते लोकांना नियमाने दाखवत राहिले. २०१६ मध्ये गेम आला तेव्हा वाट पाहणारी माणसे तयार होती. चेहरा दाखवायचा नसेल तर हात दाखवा, वही दाखवा, पडदा दाखवा.

एक मर्यादा मात्र पाळा. तुमच्या गेममधली ओढतानाची आरोळी आणि गाणे तुम्ही एका रापण संघातल्या वयस्कर माणसांकडून ध्वनिमुद्रित केले आहे. ते ट्रेलरमध्ये वापरणार असाल तर त्यांना ट्रेलर आधी दाखवा, परवानगी घ्या, मोबदला द्या आणि श्रेयनामावलीत त्यांना हवी तशी नावे लिहा. मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी मासेमारी करणाऱ्या पर्ससीन बोटींच्या वादामुळे आपल्या किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार आधीच दुखावलेले आहेत. त्यांच्या हलाखीचे चित्र प्रसिद्धीसाठी वापरले गेले असे त्यांना वाटू नये, याची जबाबदारी आपल्यावर आहे.

गावातल्या प्रसिद्धीविषयी अपेक्षा मोजकी ठेवा. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी जरूर द्या, घरच्यांना तीन वर्षे काय चालले होते ते कळेल, आणि तिचे कात्रण प्रसिद्धीच्या साहित्यात उपयोगी पडते. पण त्यातून विक्री होत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत टेबल मांडण्याची तुमची कल्पना मी बाजूला ठेवेन. तिथे येणारा माणूस भराडी देवीच्या दर्शनाला आलेला असतो आणि संगणकावर गेम विकत घेणारा त्यात क्वचितच असतो. त्याऐवजी कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत संगणक शिकवणाऱ्या विभागांना विचारा आणि एक दुपार दोन लॅपटॉप घेऊन जा. मुले खेळत असताना तोंडातून एक शब्दही काढू नका. ती कुठे अडतात, कुठे कंटाळून दुसऱ्याकडे बघतात, कुठे शेजारच्याला हाक मारून दाखवतात ते लिहून घ्या. शेजारच्याला बोलावून दाखवलेली जागा म्हणजे तुमच्या ट्रेलरची पहिली पाच सेकंदे. पुढे कधी जमले तर भारतीय गेम निर्मात्यांची परिषद पाहून या. या वर्षी मात्र त्या प्रवासाचा खर्च करू नका.

मालवणीपण कमी करावे का? अजिबात नाही. वेंबा हा टोरांटोत तयार झालेला गेम एका तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकाविषयी आहे, त्यात इडली आहे, पुट्टु आहे, आईची फाटलेली पाककृतींची वही आहे. २०२३ मध्ये आलेल्या त्या गेमला पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार आणि स्वतंत्र गेमच्या महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कारही मिळाला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा “राजी” हा गेम लोकवर्गणीच्या प्रयत्नात अपयशी ठरला होता, तरी २०२० मध्ये तो आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. या दोन्ही गेममध्ये परक्या खेळाडूला काहीही आधी ठाऊक असावे लागत नाही. हाताने केलेल्या कृतीतून त्याला सगळे कळत जाते. तुमच्याकडे ती कृती आहे. पेडवे, वाटे, रापण हे शब्द तसेच ठेवा, शब्दावर बाण नेला की एका ओळीत अर्थ दिसेल एवढी सोय करा, आणि संवाद मालवणीतच बोलले जाऊ देत, खाली इंग्रजी ओळी असोत. फक्त पानाच्या पहिल्या परिच्छेदात परंपरा, वारसा, संस्कृती हे शब्द नकोत.

प्रकाशनाच्या रात्रीविषयी दोन गोष्टी. स्टीमच्या दुकानाचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला बदलतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर साडेदहा. त्याच सुमारास गेम प्रकाशित करा. त्या रात्री वीज आणि इंटरनेट दोन्हींची पर्यायी सोय असलेल्या घरी बसा, कारण पहिल्या काही तासांत कोणालातरी गेम सुरूच होत नाही असे निघते आणि दुरुस्ती सकाळपर्यंत थांबू शकत नाही. लोकांना चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत घेता येतात, त्यामुळे लवकर केलेली दुरुस्ती थेट विक्री वाचवते.

नातेवाइकांना की वाटून परीक्षणे लिहायला सांगू नका. फुकट मिळालेल्या कीवरून लिहिलेले परीक्षण गुणांकात धरले जात नाही, आणि दहा परीक्षणे होईपर्यंत पानावर गुणांक दिसतच नाही. ज्या काकांकडे खरोखर संगणक आहे आणि ज्यांना खरोखर खेळायचे आहे त्यांनी विकत घेऊन खेळावे आणि जे वाटेल ते लिहावे. नाराजीच्या परीक्षणाला उत्तर देताना आधी एक रात्र जाऊ द्या आणि मग फक्त दोष कधी दुरुस्त होणार ते लिहा.

येत्या आठवड्यात एवढेच करा: पानावरची चतुर्थीची तारीख काढून तिथे पुढील वर्षाची पहिली तिमाही लिहा, टॅग बदला, ते एक वाक्य पानाच्या सुरुवातीला आणा, आणि चित्रकारांची शोधाशोध सुरू करा. कॅप्सूलचे दोन-तीन कच्चे आराखडे तयार झाले की मला नखाएवढ्या आकारात पाठवा.